मराठी पुस्तकाचे पान: दीर्घ वाचनासाठी अक्षर कसे निवडावे, कसे लावावे

आत्मचरित्र असो, कादंबरी असो, पीएचडीचा प्रबंध असो की दिवाळी अंकातला तीस पानी लेख असो, मजकूर लांब असला की अक्षराची खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या पानापासून सुरू होते. पहिल्या पानावर जवळपास कुठलेही अक्षर चालून जाते. पुढे मात्र डोळे ओळ चुकायला लागतात, तीच ओळ दोनदा वाचली जाते, आणि वाचक पुस्तक पालथे घालून ठेवतो. त्याला वाटते, मजकूर कंटाळवाणा आहे. बऱ्याचदा दोष मजकुराचा नसतो, पानाचा असतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. फॉन्टच्या यादीतला एका ओळीचा नमुना बघून निर्णय घेऊ नका. आपलाच मजकूर, आपल्याच पानाच्या आकारात, शक्यतो त्याच कागदावर छापून घ्या आणि दहा पाने सलग वाचा. खाली जे सांगतो आहे ते त्या छापलेल्या दहा पानांपर्यंत पोहोचण्यासाठी, आणि तिथे जे खटकेल ते नेमके कुठे दुरुस्त करायचे हे कळावे यासाठी.

आधी थोडे परंपरेबद्दल

इंग्रजी पुस्तकांत सलग वाचनासाठी सेरिफ (रेषांच्या टोकांना बारीक पाय असलेल्या) अक्षराचा जो मान आहे, तो देवनागरीत जाड-बारीक रेषेच्या, बोरूच्या वळणाच्या अक्षराला आहे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे उभी दांडी भरदार येते, वळणावर रेषा निमुळती होते आणि गाठीपाशी पुन्हा भरते. ही जाडी लॅटिन लेखणीच्या उलट बाजूला पडते, म्हणूनच इंग्रजी फॉन्टचा साचा घेऊन त्यावर बेतलेली देवनागरी अक्षरे कुठेतरी परकी वाटतात.

मराठी वाचकाच्या डोळ्यांत जे अक्षर मुरलेले आहे ते मुंबईच्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. त्याच दशकात अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडवले. पुढे जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला आणि त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांची पाने घडली. जुन्या ग्रंथालयात निर्णयसागरचा एखादा ग्रंथ मिळाला तर त्याचे एक पान दहा मिनिटे नुसते बघत बसा. शिरोरेषा सलग, पण दांडीइतकी जाड नाही. अक्षरांच्या पोटातली पोकळी मोकळी. ‘ध’ आणि ‘घ’ यांत गल्लत होण्याची शक्यताच नाही. आज संगणकावर अक्षर निवडताना माझ्यापुढे हाच नमुना असतो.

एकाच जाडीच्या रेषेची अक्षरेही उत्तम असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट फलक, तक्ते, ॲप, बातम्या यांसाठी मी स्वतः आनंदाने वापरतो. पण तीनशे पानांच्या पुस्तकाला मी जाड-बारीक अक्षरच लावीन. त्या रेषेतल्या चढउतारामुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा चेहरा मिळतो आणि शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखू येतो.

पायरी पहिली: मजकूर युनिकोडमध्ये आणि स्वच्छ

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे, आणि हिच्यात आळस केला तर पुढचे सगळे कौशल्य वाया जाते.

लेखकांकडून अजूनही श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या जुन्या डीव्हीबी मालिकेतल्या फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर येतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत भरलेले असतात. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर अगम्य होतो. असा मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही युनिकोड फॉन्टला चालणाऱ्या संकेतांत, आणा. परिवर्तन शंभर टक्के बिनचूक होईल असे धरून चालू नका. रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसणे, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकणे, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येणे, हे नेहमीचे आहे. त्यामुळे परिवर्तनानंतर एकदा मूळ प्रत शेजारी ठेवून वाचन झालेच पाहिजे.

नंतर शोधा-आणि-बदला हे साधन उघडून पुढच्या गोष्टी एकसारख्या करून घ्या.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र. हा दोन प्रकारे टंकलेला सापडतो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह), दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि काही फॉन्टांत दुसऱ्या प्रकाराचा ‘दुसर्या’ होऊन बसतो. पहिला प्रकार ठेवा, दुसरा बदलून टाका.

‘ॲ’. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर, आणि जुने कीबोर्ड वापरणाऱ्यांचा आजचा मजकूरही, ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवून लिहिलेला असतो. काही फॉन्टांत तो चंद्र बाजूला सरकतो किंवा मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. सगळीकडे एकच ‘ॲ’ करा.

विसर्ग. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह असणे इतके सर्रास आहे की ते मुद्दाम शोधावेच लागते. ते चिन्ह राहिले की शब्द तिथे तुटलेला मानला जातो आणि ‘दु’ एका ओळीच्या शेवटी, ‘ख’ पुढच्या ओळीत असा प्रकार घडू शकतो.

शिवाय दुहेरी मोकळ्या जागा, पूर्णविरामाआधी सुटलेली जागा, सरळ अवतरणचिन्हे, संयोगचिन्ह (-) आणि अपसारणचिन्ह (–) यांची सरमिसळ. ‘रु. ५००’, ‘पान १२’, नावांमागची आद्याक्षरे अशा जोड्यांत न तुटणारी मोकळी जागा घाला, म्हणजे ‘रु.’ ओळीच्या टोकाला एकटा लटकत राहणार नाही.

पायरी दुसरी: अक्षराची निवड

आता उमेदवार निवडू. मी ज्यांच्यापासून सुरुवात करतो ते असे.

टिरो देवनागरी मराठी. जॉन हडसन आणि फिओना रॉस या अक्षररचनाकारांच्या परंपरेतले हे काम मूळ मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या अभिजात भारतीय ग्रंथमालेसाठी घडले. गूगल फॉन्ट्सवर त्याच्या संस्कृत, हिंदी आणि मराठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या मोफत मिळतात. मराठी आवृत्तीत मराठी वळणाची अक्षरे मुळातच बसवलेली आहेत, हा मोठा फायदा. ठळक वजन (जाड रेषेचे रूप) मात्र त्यात नाही. ललित पुस्तकाला त्याने काही बिघडत नाही. पोटमथळे आकार वाढवून किंवा वर-खाली जागा सोडून वेगळे करता येतात. उपमथळ्यांनी भरलेल्या पाठ्यपुस्तकाला मात्र हा अपुरा पडेल.

यशोमुद्रा. राज्य मराठी विकास संस्थेने मराठी ग्रंथांसाठी करवून घेतलेले अक्षर. मजकुरात भरदार दिसते आणि मराठी जोडाक्षरांची जाण त्यात पुरेपूर आहे.

शोभिका. आयआयटी मुंबईतल्या विज्ञान आणि वारसा उपक्रमातून आलेला हा फॉन्ट यशोमुद्रेवरच उभा आहे. साधे आणि ठळक अशी दोन वजने, ११०० हून अधिक जोडाक्षरे, वैदिक स्वरचिन्हे आणि संस्कृतच्या रोमन लिप्यंतरासाठी लागणारी सगळी अक्षरे त्यात आहेत. संतसाहित्य, संस्कृत उद्धृते किंवा तळटीपांनी भरलेला प्रबंध असेल तर मी डोळे झाकून इथूनच सुरुवात करतो.

नोटो सेरिफ देवनागरी. अगदी बारीक ते अगदी जाड अशी अनेक वजने मिळतात, त्यामुळे कागद शाई शोषणारा असेल तर किंचित हलके, कागद गुळगुळीत असेल तर किंचित भरदार असे वजन निवडता येते. मला हा थोडा कोरडा वाटतो, पण पाठ्यपुस्तके आणि अहवाल यांसाठी भरवशाचा आहे.

डॅन रेनॉल्ड्स यांचा मार्तेल पडद्यावर छान वाचला जातो. वैभव सिंग यांचा एक्झार जोरकस आहे. मथळे आणि छोटे परिच्छेद त्यात शोभतात, पण सलग शंभर पाने मी त्यात लावणार नाही.

आणि मंगल? कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या या अक्षरामुळे लाखो लोकांना संगणकावर पहिल्यांदा मराठी लिहिता आले. त्याचे ऋण मोठे आहे. पण ते मेनू आणि पडद्यावरच्या खिडक्यांसाठी घडलेले अक्षर आहे. केवळ वर्ड उघडल्यावर आपोआप येते म्हणून पुस्तकाला लावू नये.

परवाना तपासायला विसरू नका. वर नाव घेतलेल्यांपैकी गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. ते छापील पुस्तकात, ई-बुकात, विक्रीच्या कामातही चालतात. विकत घेतलेल्या फॉन्टांच्या बाबतीत छपाईची परवानगी असते पण ई-बुकात फॉन्ट जडवायची (फाइलीतच घालून द्यायची) नसते, असेही होते. काम सुरू करण्याआधीच हे वाचून घ्यावे.

पायरी तिसरी: अक्षराची झडती

आता प्रत्येक उमेदवारात पुढचा मजकूर टंकून, ज्या आकारात पुस्तक छापायचे त्याच आकारात कागदावर छापा.

पहिल्यांदा ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीतला ल पाकळ्यांचा: मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या, उजवीकडे पूर्ण उंचीची दांडी नाही. हिंदी वळणाचा ल दांडीचा. तसेच मराठीतला श देठाचा आणि हिंदी वळणाचा शेंडीफोड्या. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानेही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठी रूपे वापरायला सांगितले आहे. ‘लाल’, ‘शाळा’, ‘शीतल’, ‘कुशल’ असे शब्द छापले की फॉन्ट कुठल्या घराण्यातला आहे ते लगेच कळते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली तरच मराठी रूप उमटते. काही प्रोग्राम ही नेमणूक पाळतात, काही पाळत नाहीत. त्यामुळे मराठी रूपे मुळात असलेला फॉन्ट मिळाला तर ती डोकेदुखीच संपते. ५, ८ आणि ९ या अंकांचीही दोन वळणे आहेत, तीही याच वेळी तपासा.

मग जोडाक्षरे. ‘उद्ध्वस्त’, ‘अद्भुत’, ‘ब्राह्मण’, ‘चिन्ह’, ‘वाङ्मय’, ‘राष्ट्र’, ‘कर्तृत्व’, ‘शृंगार’, ‘हृदय’, ‘लठ्ठ’, ‘खड्डा’, ‘पट्टी’, ‘ज्ञान’, ‘क्षुल्लक’. एखाद्या ठिकाणी अक्षराचा पाय मोडून हलन्त दिसू लागला तर तेवढे जोडाक्षर त्या फॉन्टात नाही. ‘वाङ्मय’मध्ये हलन्त दिसणे मी चालवून घेतो, ‘पट्टी’मध्ये नाही.

तिसरी तपासणी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. ‘भरण’ आणि ‘मरण’, ‘धार’ आणि ‘घार’, ‘बाट’ आणि ‘वाट’ हे शब्द शेजारी छापा आणि कागद हातभर लांब धरा. ‘ध’चा वरचा गोल मिटून गेला, किंवा ‘ब’च्या पोटातली आडवी रेषा शाईत बुडाली, तर तो फॉन्ट त्या आकारात नको. ‘खवा’ हा शब्द ‘रववा’ असा वाचला जातो का तेही बघा. चांगल्या फॉन्टात ‘ख’चा डावा भाग खाली वळून दांडीला भिडलेला असतो.

शेवटी भिंग घेऊन शिरोरेषा. लेझर प्रिंटवर ‘क’ आणि ‘म’ यांच्यामध्ये शिरोरेषेला केसाइतकी फट किंवा बारीक गाठ दिसली तर फॉन्ट निष्काळजीपणे घडवलेला आहे. शंभर अक्षरांत ते जाणवत नाही, पण लाखभर अक्षरांत सगळे पान खरखरीत होते.

पायरी चौथी: आकार आणि ओळींमधली जागा

‘मराठी पुस्तक १२ पॉइंटात लावा’ हा सल्ला अर्धवट आहे. मायक्रोसॉफ्टचे कोकिला हे अक्षर १२ पॉइंटात इतके लहान उमटते की मंगलच्या १२ पॉइंटाशेजारी ते तळटिपेसारखे भासते. पॉइंट हा आकडा अक्षराच्या नव्हे, त्याच्या भोवतीच्या चौकटीचा असतो, आणि देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना त्या चौकटीत किती जागा द्यायची हे फॉन्ट घडवणारा ठरवतो.

म्हणून पट्टी घ्या. तुम्हाला वाचायला आवडलेल्या एखाद्या मराठी पुस्तकातल्या ‘प’ची उंची, शिरोरेषेपासून दांडीच्या तळापर्यंत, मोजा. एका अक्षराची नीट मोजता येत नसेल तर तीन-चार ठिकाणी मोजून मधली धरा. आपल्या फॉन्टचा ‘प’ तेवढा येईपर्यंत पॉइंट बदला. ललित पुस्तकाला अडीच मिलिमीटरच्या आसपासची उंची मला योग्य वाटते. ज्येष्ठ वाचकांसाठीच्या पुस्तकाला किंवा देवळात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पोथीला त्याहून बरीच जास्त हवी.

ओळींमधली जागा हा मराठी पानाचा प्राण आहे. रोमन अक्षरे दोन रेषांमध्ये बरीचशी शांत बसतात. देवनागरी वर आणि खाली दोन्हीकडे हातपाय पसरते. ‘मूर्तींच्या’ हा शब्द घ्या: शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही एका जागी दाटलेले. आता त्याच्या बरोबर वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘शत्रू’ आला की खाली उतरणारे जोडाक्षर नाहीतर दीर्घ उकार त्या अनुस्वारावर आदळतो. हे दोन शब्द मुद्दाम एकाखाली एक येतील अशा दोन ओळी तयार करा आणि त्या एकमेकींना शिवणार नाहीत, शिवाय मध्ये थोडी हवा राहील, इतके अंतर ठेवा. साधारणपणे अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर लागते. १२.५ पॉइंटाला मी १८.५ ने सुरुवात करतो. वर्डमध्ये ‘सिंगल’ किंवा ‘१.५’ असे न निवडता ‘एक्झॅक्टली’ निवडून आकडा द्या, नाहीतर जोडाक्षर येईल तशी एखादी ओळ फुगते.

इथे प्रकाशकाशी वाद होतो, कारण अंतर वाढले की पाने वाढतात. तो वाद आकड्यांनी करावा. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पानावर, १७० मिलिमीटर उंचीच्या मजकुरात १८.५ पॉइंटाच्या अंतराने २६ ओळी बसतात. १७ पॉइंटाने २८. ओळीला सरासरी ९ शब्द धरले तर ६०,००० शब्दांचे पुस्तक पहिल्या हिशेबाने सुमारे २५७ पानांचे, दुसऱ्या हिशेबाने सुमारे २३८ पानांचे होते. फरक १९ पानांचा, म्हणजे १६ पानी फर्म्याने (एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने) मोजला तर सव्वा फर्मा. एवढ्या कागदासाठी सगळे पुस्तक दाटीवाटीचे करायचे का, हा प्रश्न मग समोरासमोर ठेवता येतो. मी स्वतः समासातून किंवा कोऱ्या पानांतून काटकसर करीन, ओळींच्या अंतरातून नाही.

पायरी पाचवी: ओळीची लांबी, समास आणि दोन्ही कडा

डेमी पान १४० मिलिमीटर रुंद. बांधणीकडचा समास २२, बाहेरचा १६ ठेवला की ओळ १०२ मिलिमीटरची होते, आणि तीत साडेआठ-नऊ मराठी शब्द बसतात. हे प्रमाण मला सगळ्यात सुखाचे वाटते. वर २० आणि खाली २६ मिलिमीटर सोडले की हिशेब जुळतो. हल्ली बहुतेक पुस्तके परफेक्ट बाइंडिंगची, म्हणजे गोंदाने चिकटवलेली असतात. ती सपाट उघडत नाहीत. बांधणीकडचा समास १५ वर आणला तर प्रत्येक ओळीचा पहिला किंवा शेवटचा शब्द घडीत जातो आणि वाचकाला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांनासुद्धा’, ‘पोहोचल्यानंतरचे’ असे लांब शब्द येतच राहतात. दोन्ही कडा सरळ करताना असा शब्द पुढच्या ओळीत ढकलला गेला की मागची ओळ विरळ पडते आणि पानात पांढरे ओघळ दिसू लागतात. यावर दोन उपाय आहेत. शब्द तोडायची परवानगी द्या, पण अक्षराच्या सीमेवरच आणि शक्यतो प्रत्ययापाशी: ‘विद्यार्थ्यांना-सुद्धा’. ‘विद्या-र्थ्यांना’ अशी तोड तांत्रिकदृष्ट्या अक्षराच्या सीमेवरच आहे, तरी मी ती टाळतो, कारण त्यातल्या ‘र’चा उच्चार मागच्या अक्षराला चिकटलेला आहे. दुसरा उपाय म्हणजे डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे. कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेला, पडद्यावरच्या लेखाला हे फार चांगले दिसते. कादंबरीला मराठी वाचक अजून दोन्ही कडा सरळ असलेलेच पान अपेक्षितो.

काहीही केले तरी अक्षरांमधले अंतर वाढवू नका. शब्दांमधली जागा ताणली तर चालेल. अक्षरांमधली ताणली की शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटली की शब्दच राहत नाही. इनडिझाइन या पाने लावायच्या प्रोग्राममध्ये जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्यावर ठेवा आणि ग्लिफ स्केलिंग १०० वरच राहू द्या. त्याच प्रोग्राममध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला असला पाहिजे. नसला तर वेलांट्या आणि जोडाक्षरे सगळी विस्कटतात. वर्डमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, लिबरऑफिसमध्ये सीटीएल या नावाखाली देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा नेमावा लागतो. तो न नेमता नुसता रोमनसाठीचा आकडा बदलत बसलात तर फक्त रोमन मजकूर लहानमोठा होतो आणि मराठी जागचे हलत नाही.

भर देणे, रोमन शब्द, तळटीपा

भर देण्यासाठी अक्षर तिरके करणे ही रोमन लिपीची सवय. देवनागरी अक्षर संगणकाने जबरदस्तीने कलते केले की दांड्या पडायला आल्यासारख्या दिसतात. अवतरणचिन्हे वापरा, किंवा खरे ठळक वजन असेल तर ते वापरा. खरे ठळक वजन नसताना ठळकचे बटण दाबले तर प्रोग्राम बाहेरून रेषा जाड करतो आणि ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’ यांची पोटे भरून जातात.

शास्त्रीय मजकुरात रोमन शब्द येणारच. बहुतेक वेळा रोमन अक्षर देवनागरीशेजारी मोठे आणि काळे दिसते. ते पाच ते दहा टक्के लहान करा, म्हणजे रोमन मोठी अक्षरे शिरोरेषेच्या फार वर जाणार नाहीत. तळटीप मजकुरापेक्षा दोन-अडीच पॉइंटांनीच लहान असावी. त्याहून लहान केली की जोडाक्षरे वाचताच येत नाहीत, आणि तळटीपेत तर संस्कृत अवतरणे हमखास असतात.

अंक देवनागरी की रोमन हे एकदा ठरवा आणि पृष्ठांक, सनावळी, तक्ते सगळीकडे तेच पाळा.

पडद्यावर वाचण्यासाठी

लेख संकेतस्थळावर जाणार असेल तर मजकूर १८ ते २० पिक्सेल, ओळींचे अंतर त्याच्या पावणेदोन पट आणि स्तंभाची रुंदी ६५० पिक्सेलच्या आसपास ठेवा. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याची खूण अवश्य द्या; अनेक फॉन्टांत मराठी ‘ल’ आणि ‘श’ त्या खुणेवरच अवलंबून असतात. अगदी काळे अक्षर आणि अगदी पांढरी पार्श्वभूमी यापेक्षा किंचित करडे अक्षर आणि किंचित पिवळसर पार्श्वभूमी रात्री वाचणाऱ्याला सोसते. ई-बुकात फॉन्ट जडवून द्या, आणि फाइल एखाद्या स्वस्त फोनवर उघडून बघा, कारण बरेच वाचक तिथेच वाचतात.

शेवटची पायरी: दहा पाने आणि छापखाना

आता ती दहा पाने छापा. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून आकार १०० टक्के ठेवा, नाहीतर सगळी मोजमापे खोटी ठरतात. पुस्तक ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचे माप) पिवळसर नॅचरल शेड कागदावर छापायचे असेल तर छापखान्याकडून तेच दहा कागद मागून आणा. बहुतेक जण आनंदाने देतात. दोन्ही बाजूंनी छापा आणि पान उजेडाकडे धरा. मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर पाठीमागे पडल्या पाहिजेत. मध्येच पडत असतील तर कुठल्यातरी मथळ्याची किंवा उताऱ्याची जागा ओळींच्या पटीत नाही. ती पटीत करा. पातळ कागदावर ओळींमधल्या पांढऱ्या पट्टीत मागची अक्षरे डोकावत राहिली तर उत्तमोत्तम फॉन्टही मळकट दिसतो.

मग ती पाने कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो पन्नाशीपुढच्या आणि पुस्तकाशी संबंध नसलेल्या वाचकाला. ‘फॉन्ट कसा वाटला’ असे विचारू नका. तो कुठे थांबला, कुठे ओळ चुकला, कुठे कागद जवळ ओढला ते शेजारी बसून बघा आणि समासात खूण करा. खुणा ओळींच्या सुरुवातीला असतील तर ओळ लांब आहे किंवा अंतर कमी आहे. ठरावीक शब्दांवर असतील तर ते जोडाक्षर किंवा तो आकार तपासा. पानभर विखुरलेल्या असतील तर अक्षरच बदलून बघा.

छापखान्याला पीडीएफच द्या, उघडी फाइल नको. पीडीएफच्या गुणधर्मांत जाऊन सगळे फॉन्ट जडलेले आहेत याची खात्री करा. मग एखादी ओळ पीडीएफमधून उचलून साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवा. काही वेळा वेलांट्या उलटसुलट येतात, छपाईत त्याने बिघाड होत नाही. पण तीच पीडीएफ पुढे ग्रंथालयात किंवा संग्रहात ठेवली जाणार असेल तर तिच्यात शोध घेता येणार नाही, तेव्हा युनिकोड मजकुराची वेगळी प्रत तिच्यासोबत जपून ठेवा. आणि एका कागदावर फॉन्टचे नाव, त्याची आवृत्ती, आकार, ओळींचे अंतर, समास आणि शब्द तोडण्याचे नियम लिहून तो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा अक्षरजुळणी करणारा दुसराच कोणी असेल, आणि फॉन्टच्या नव्या आवृत्तीत एखाद्या अक्षराची रुंदी केसभर बदलली असली तरी पुढच्या सगळ्या पानांचे पृष्ठांक सरकून अनुक्रमणिका चुकते.